मागचं चाक

रामाजी निमजे गेल्याचा फोन आला तेव्हा हेमराज धकाते वाडीच्या गोदामात ट्रक खाली करून घेत होता. फोन रजतचा होता. दवाखान्यात काय झालं, घाटावर केव्हा न्यायचं, हे सांगून झाल्यावर रजत जरा थांबला आणि म्हणाला, "अन् तेरवीनंतर वाटायले तुम्हीच ना, भाऊ?" हेमराजने सवयीने हो म्हटलं. फोन खिशात टाकून तो पोत्यांकडे वळला, हमालाला पुढचं पोतं उचलायची खूण केली, आणि तेवढ्यात त्याला चाक आठवलं. पण तोवर हो म्हणून झालं होतं.

हे वाटणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

नागपुरात जुन्या लोखंडी सायकलींचं वेड असलेली पंधरा-वीस माणसं आहेत. रविवारी सकाळी ती कस्तुरचंद पार्कच्या कडेला जमतात. सायकली ओळीत लावतात, तर्री-पोहे खातात आणि वाद घालतात. हे मडगार्ड याच सायकलचं की दुसरीचं, ही घंटी मूळची की मागाहून बसवलेली, हा काळा रंग कारखान्यातला की गल्लीतल्या पेंटरचा, यावर पोहे निवेस्तोवर बोलणं चालतं. खरेदी-विक्री होते, पण मनापासूनचा व्यवहार वस्तूला वस्तू असा. एकाने दिवा द्यायचा, दुसऱ्याने त्या बदल्यात चेनकव्हर. आणि दहा वर्षं शोधलेला एखादा साधा नट सापडला की ज्याला मिळाला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हेमराजला या गोष्टींचा एके काळी फार आनंद होता. अलीकडे तो रविवारी जायचा ते रविवार होता म्हणून.

यांच्यातली बरीच माणसं आता उतारवयाची. पहिला गेला तो मुकुंद. त्याच्या घरी तेरवीच्या आधीच मित्र जमले आणि जो तो आपली वस्तू ओळखू लागला. ही सीट मी दिली होती, हे हँडल माझंच. मुकुंदची बायको जिजाबाई सायकलचा जुना दिवा हातात धरून दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "हा पण तुमचाच का?" त्या दिवशी घरी परतताना हेमराजने नियम ठरवले, आणि लाजेपायी असेल, सगळ्यांनी ते मानले. मेलेल्या माणसाच्या सायकली एकानेच वाटायच्या. कोण खरंच चालवील ते पाहून द्यायच्या, आणि घेणाऱ्याने घरच्या बाईच्या हातात काय ठेवायचं तेही त्यानेच सांगायचं. वाटणाऱ्याने स्वतः काही घ्यायचं नाही, बदल्यातसुद्धा नाही. सायकल टेम्पोत घालून न्यायची नाही. ज्या घरात ती फिरली त्या घरातून ती आपल्या चाकांवर बाहेर पडली पाहिजे. एखादीला चाक नसेल तर मंडळींनी आपल्याकडचं लावून ती चालती करायची. शेवटची सायकल वाटणाऱ्याने स्वतः चालवत पोचवायची. आणि सगळं आटोपलं की घरच्या बाईने चार माणसांसमोर विचारायचं, "तुमचं काही राहिलं का इथं?" वाटणाऱ्याने म्हणायचं, "काही नाही." तेवढ्यावर ते घर मोकळं झालं.

अशी चार घरं हेमराजने मोकळी केली होती. गोदामात माल उतरवून घेणारा माणूस, वस्तू नीट लावायची त्याला सवय. शिवाय कोणाच्या अध्यात ना मध्यात. दर वेळी नाव त्याचंच निघे. दर वेळी तो हो म्हणे.

आता चाकाबद्दल.

हेमराजचे वडील श्रावणजी टांडापेठेत मागावर लुगडी विणत आणि आठवड्याचा माल सायकलच्या कॅरियरला बांधून गांधीबागेत पोचवत. सायकल इंग्लिश, मिलमधल्या एका जॉबरकडून, म्हणजे मुकादमाकडून, जुनीच घेतलेली. तिच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, मधल्या जाड नळकांड्यात, तीन गिअर होते, बाहेरून न दिसणारे. भार जास्त असला की श्रावणजी हँडलवरची पट्टी ओढून सर्वांत हलका गिअर टाकत. त्याला ते 'भाराचा' म्हणत. पुढे माग विकला गेला, श्रावणजी गेले, सायकल उरली. तिच्यात मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. पुढचं चाक श्रावणजींनीच तीनदा बदललं होतं, मिळेल ते लावलं होतं. हँडल भलत्याच सायकलचं होतं. मूळची होती ती फ्रेम आणि हे मागचं चाक.

काही वर्षांपूर्वी अमरावतीत जुन्या सायकलींचं प्रदर्शन होतं. रामाजीची काळी सायकल देखणी, पण तिच्या मागच्या चाकाची रिम तडकलेली. रामाजीने हेमराजचं चाक, गिअरच्या पट्टीसकट, आठ दिवसांसाठी मागून नेलं. हेमराजने आनंदाने काढून दिलं. प्रदर्शन झालं, रामाजीला ढाल मिळाली. मग पाऊस लागला, मग रामाजीच्या मुलीचं लग्न निघालं, मग दिवाळी आली. एकदा हेमराजने विषय काढायचा म्हणून तोंड उघडलं तर रामाजीनेच, "हो, ते चाक," म्हणून मान हलवली आणि कोणीतरी चहा आणला. त्यानंतर दोघेही त्यावर कधी बोलले नाहीत. दर रविवारी रामाजी त्याच चाकावर बसून येई, दोघं एका ताटलीत पोहे खात, आणि हेमराज बसने घरी जाई.

घरी त्याची सायकल मागच्या बाजूने दोन विटांवर टेकवलेली होती. किती जणांनी दुसरं चाक देऊ केलं. हेमराज म्हणायचा, चुकीचं चाक लावण्यापेक्षा उघडी बरी. मंडळींत या बोलण्याचं कौतुक होतं. हेमराजभाऊंची निष्ठा म्हणून नव्या पोरांना ते सांगितलं जाई.

आता मात्र ती सायकल हलवायची वेळ आली होती. दिवाळीच्या सुमारास हेमराज निवृत्त होणार होता. मुलगा वैभव शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या बुटीबोरीला एका कारखान्यात होता, त्याने तिकडेच फ्लॅट घेतला होता आणि आईवडिलांना बोलावलं होतं. भाड्याचं घर सोडायचं होतं. सायकल आपल्या चाकांवर घराबाहेर पडायला हवी, हा नियम ज्याने केला त्याचीच सायकल विटांवर होती. रामाजी आजारी पडला तेव्हा हेमराजने ठरवलं होतं की तो बरा झाला की सरळ मागायचं. लाज सोडून. रामाजी बरा झाला नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी मंडळी टांडापेठेत रामाजीच्या घरी जमली. चार सायकली आणि सुट्या भागांची पोती अंगणात काढलेली. रामाजीची बायको रुखमाबाई ओट्यावर बसून पाहत होती. हेमराजने नेहमीसारखं काम सुरू केलं. ब्रेकचे रॉड एकीकडे, पेडल एकीकडे, घंट्या परातीत. एक सायकल कोणाला, दुसरी कोणाला, हे ठरत गेलं. गुडघा सकाळपासून दुखत होता, म्हणून तो खुर्चीवर बसून हातानेच दाखवत होता. काळी सायकल त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती.

रजत त्याच्या खुर्चीशेजारी येऊन उकिडवा बसला. रजत चाळिशीचा, मंडळींतला एकटाच असा की ज्याला या सायकलींचा बाजार कळला होता. त्याच्या सायकली पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भिंतीला टांगल्या जात. तो फोनमध्ये डोकं घालून, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलला. काळी त्याला दिली तर मागचं चाक तो काढून हेमराजला परत करील. गिऱ्हाईकाला भिंतीवरच लावायची आहे, आत गिअर आहेत की नाहीत कोण पाहतो?

"तुले कोणं सांगितलं चाकाचं?" हेमराजने विचारलं.

"सांगाले काय लागते भाऊ? तुमची सायकल विटांवर, रामाजीभाऊची चाकावर. मले दोन डोळे हायेत." मग थोडं हसून, "नियमबी नाही मोडत. तुम्ही इथून काही नेलंच नाही. मी नेलं, मी देल्लं."

रजतने सांगितलेली वाट चोख होती. गेले पंधराएक दिवस रात्री पडल्या पडल्या त्याने स्वतःही तीच शोधून काढली होती आणि उठून पाणी पिऊन परत झोपला होता. अडचण एवढीच होती की पुढच्या घरी रजत पुन्हा असाच शेजारी येऊन बसला असता आणि तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नसतं. आणि कोणाच्या उपकाराखाली नव्याने वाकायचं त्राण आता हेमराजच्या अंगात नव्हतं. हा काही मोठेपणा नव्हता. तो थकला होता.

"काळी हर्षाले," तो मोठ्याने म्हणाला.

हर्षा मंडळींत नवीच आलेली. उमरेडकडची, वाडीत खोली करून राहणारी, हेमराजच्या शेजारच्या गोदामात पॅकिंगला. तिची साधी सायकल फ्रेममध्ये मोडली होती आणि पहाटेच्या पाळीला ती पायी जात होती. दिखाऊ नको, चालणारी सांगा काका, असं तिने महिन्याभरापूर्वी म्हटलं होतं. आजही ती पाळीवरच होती. कोणीतरी कुरकुरलं की एवढी किमती वस्तू पोरीच्या हाती कशाला, त्यावर दुसरा म्हणाला की मग तुझ्या पलंगाखाली ठेवायची का, आणि विषय मिटला. रजत उठून हात झटकत बाजूला गेला.

तीन सायकली एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या. पोती बांधून झाली, अंगण झाडून झालं. रुखमाबाई ओट्यावरून खाली आली. पदर नीट केला आणि चौघांच्या देखत रीतीप्रमाणे विचारलं, "भाऊजी, तुमचं काही राहिलं का इथं?"

"काही नाही, वहिनी."

एरवी बाई इथे मान हलवून आत जातात. रुखमाबाई गेली नाही. तिने हेमराजकडे नीट पाहिलं.

"पाह्यसान बरं. नक्की काही नाही?"

हेमराजला मागची चारही घरं आठवली. आज आपलं काही आहे म्हटलं तर उद्या कोणीही म्हणेल, मग त्या घरांतूनही काही गेलं असेल. मुकुंदच्या जिजाबाईला ते कळेल. आणि बोलायचं तरी कोणाच्या साक्षीने? देणारा तो होता, घेणारा जळून गेला होता.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

मंडळी पांगली. हेमराजने काळी सायकल स्टँडवरून उतरवली आणि फाटकाशी नेली. रुखमाबाई मागोमाग आली. तिच्या हातात रामाजीचा दिव्याचा डायनॅमो होता. तो राहून गेला म्हणून तिने हँडलला अडकवला. मग हळूच म्हणाली, "मागचा चक्का तुमचा हाय."

हेमराज मान खाली घालून पेडल सरळ करत राहिला.

"मले ठाऊक होतं म्हणून तं दोन खेपा इचारलं. तुम्ही चार माणसांत नाही म्हणाले, आता मी काय करू?" तिच्या आवाजात दुःखापेक्षा वैतागच जास्त होता. "ते म्हणत, हेमराजनं मांगितलं का दुसऱ्या मिनिटाले देतो. न मांगता देल्लं तं इतके वर्सं दाबून ठेवलं असं कबूल केल्यावानी होते. अन् तुम्ही मांगेना. दोघंबी सारखेच."

"पाऊस लागला होता," हेमराज म्हणाला.

"पाऊस दरसाल लागते, भाऊजी." ती गल्लीत इकडेतिकडे पाहून म्हणाली, "आताबी काढून घ्या. कोणाले दिसून राहिलं?"

"चाक काढलं तं सायकल चालत कशी जाईन, वहिनी?"

रुखमाबाईने कपाळावर हात मारला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हसली. मग डोळे पुसले, फाटक लावून घेतलं.

टांडापेठ ते वाडी म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हेमराज गोळीबार चौकातून निघाला. किती वर्षांनी तो या चाकावर बसला होता. वाटलं होतं, काहीतरी दाटून येईल. आली ती धाप. सेंट्रल अव्हेन्यूवर ऊन चढलं होतं. रामझुला पुलाच्या चढावर गुडघ्यात कळ उठली तेव्हा त्याने हँडलवरची पट्टी ओढली. हब आतल्या आत टिक टिक करत एकदा दचकला आणि पेडल हलकं झालं. भाराचा. श्रावणजींना हा आवाज रोज ऐकू आला असेल आणि त्यांनी त्याकडे लक्षही दिलं नसेल. त्यांचं लक्ष लुगड्यांना धूळ लागू नये इकडे. पुढच्या चाकाला काय लावलंय हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फिरतं ना, एवढंच म्हणाले असते.

सीताबर्डीत सिग्नलला तो उतरून उभा राहिला. लॉ कॉलेज चौकापुढे एका झाडाखाली बसला, पाणी प्यायला. विद्यापीठाचा चढ त्याने सायकल हातात धरूनच चढवला. एक स्कूटरवाला शेजारून जाताना म्हणाला, "काका, ती तुम्हाले नेऊन राहिली का तुम्ही तिले?" हेमराजने त्याला हात दाखवला. वाडी येईस्तोवर ट्रकांच्या धुळीने मडगार्ड पांढरं झालं होतं. फडक्याने ते पुसायची त्याला इच्छा झाली नाही.

हर्षा पाळीवरून येऊन खोलीच्या दारात पाय पसरून बसली होती. सायकल पाहून ती उठली, घंटी वाजवली, सीटवर बसून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. हेमराजने तिला गिअर टाकायचे कसे ते दाखवलं. हबवरचं बारीक झाकण उघडून महिन्यातून एकदा पातळ तेलाचे दोन थेंब टाकायचे, जाड तेल टाकलं की आतलं यंत्र आळसावतं. एवढं सांगून तो पायरीवर बसला. तिने चहा टाकला.

"काका, इतके दिवस तुम्ही सांगता सगळं, पण तुमची सायकल कधी दिसली नाही."

"उभी हाय घरी."

"काहून?"

"मागचं चाक नाही."

"मंग लावा ना एखादं," हर्षा म्हणाली. जणू त्याने दाराची कडी तुटली म्हणून सांगितलं होतं.

भिंतीशी तिच्या जुन्या सायकलचे अवशेष होते. मोडलेली फ्रेम, वाकडं हँडल, मागचं चाक. भंगारवाल्याची ती वाट पाहत होती. हेमराजने बसल्या जागेवरून ते चाक ओढून घेतलं. पातळ चकचकीत रिम, तिच्यावर गंजाचे ठिपके, हब साधा, चाक बरंच वाकडं फिरणारं. मंडळींत कोणी याच्याकडे पाहिलंही नसतं. त्याने ते आसाला धरून फिरवलं. लडबडत का होईना, फिरलं. नियमाच्या बाजूनेही त्याने विचार केला. हे रामाजीच्या घरचं नव्हतं.

"हे देतं का मले?" त्याने विचारलं.

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागायला एवढासाच वेळ लागतो.

"न्या ना काका, इचारता काय," ती म्हणाली आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला.

शहर बसमध्ये तो चाक मांडीवर उभं धरून बसला. कंडक्टरने तिकीट फाडताना चाकाकडे पाहिलं. "बाकीची सायकल कुठं हाय, काका?"

"घरी हाय," हेमराज म्हणाला. "हे घ्यायले आलो होतो."

घरी बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. नवऱ्याच्या हातातलं चाक पाहून तिने काही विचारलं नाही. सायकलबद्दल काही विचारायचं नाही हे ती फार पूर्वी शिकली होती. हेमराज अंगणात बसला. आस थोडा सैल पडत होता, दोन वायसर टाकले. चेन लांब झाली, एक कडी काढली. चाक बसलं तेव्हा जुन्या काळ्या फ्रेममध्ये ती चकचकीत रिम डोळ्यांत भरत होती, म्हाताऱ्याच्या पायात पोराचे बूट असावेत तशी. त्याने विटा काढून भिंतीशी ठेवल्या. विटांच्या जागी फरशीवर दोन फिके चौकोन उमटले होते.

मग त्याने सायकल गल्लीत नेऊन आणली. मागचं चाक दर फेऱ्याला एकदा ब्रेकला घासून खर्र करत होतं. तारा आवळून त्याचा औट, तो वाकडेपणा, काढून घ्यावा लागणार होता.

बायको दारात आली. सामानाचा टेम्पो ठरल्याचं वैभवचं फोनवर बोलणं झालं होतं, त्यात सायकलही येईल असं तो म्हणाला होता, हे तिने सांगितलं.

"टेम्पोत नको," हेमराज म्हणाला. "मी चालवत नेईन."

"बुटीबोरीले? अन् गुडघा?"

हेमराजने सायकल भिंतीला टेकवली. मग सवयीने हात पुढे करून मागचं चाक एकदा फिरवलं आणि ते थांबेपर्यंत पाहत राहिला.

"थांबत थांबत जाईन," तो म्हणाला.